खापर घरात फुटलं, आता माणसं कुठं शोधायची?

(वाचकांची पत्रं. ओळख पटू नये म्हणून गाव-नोकरीचे तपशील थोडे बदललेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.)

ताई, मी ३४ वर्षांची आहे, मूळ कराडकडची, सध्या चिंचवडला एका कंपनीत अकाऊंट्सला आहे आणि एकटी राहते. वडील आमचे प्यायचे, घरात सगळ्यांना माहीत होतं पण बोलायचं नाही असा नियमच होता, मी अकरावीत असताना मामाला सगळं सांगून टाकलं आणि तेव्हापासून मी घराची अब्रू वेशीवर टांगणारी झाले. म्हैस मेली तर हिच्यामुळं, दादाचं लग्न मोडलं तर हिच्यामुळं, त्याचा डेअरीचा धंदा बसला तर हिनं पैसे दिले नाहीत म्हणून (दिले होते!). मागच्या वर्षी पप्पांची बायपास झाली तर आत्या हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, पोरीच्या टेन्शननं झालं. त्या दिवसानंतर मी फॅमिली ग्रुप सोडला, घरी जाणं बंद केलं. समुपदेशक मॅडमकडे जाते, बरं वाटतंय, पण त्या म्हणतात आता माणसं जोड. कुठून जोडू? योगा क्लास लावला तर तिथल्या काकूंनी विचारलं गौरीला गावी नाही का जाणार, मला रडूच आलं, परत गेलेच नाही. दोन मैत्रिणींना सांगून बघितलं तर त्या म्हणाल्या अगं आईवडील आहेत, सोडून दे. आता दादाचा मेसेज आलाय की हक्कसोडपत्रावर सही करून जा म्हणजे विषय संपेल. कधीकधी वाटतं खरंच माझंच काही चुकतंय का? — एक वाचक, चिंचवड

शेवटचा प्रश्न आधी उरकते कारण तो डोक्यात असताना बाकीचं काही कानात शिरणार नाही. बायपास. हृदयाच्या नळ्या आत चरबी साचून अरुंद होतात आणि त्याला वर्षानुवर्षं लागतात, त्यात तंबाखू असतो, बीपी असतं, शुगर असते, खाणंपिणं असतं. मुलीनं मामाला खरं सांगितलं म्हणून कुणाची नळी ब्लॉक होत नाही. आत्यांना त्या पॅसेजमध्ये भीती वाटत होती आणि ती कुठंतरी टाकायची होती, तू समोर होतीस.

आणि हे तुझ्याच घरात घडलं असंही नाही. १९६० साली एझ्रा व्होगेल आणि नॉर्मन बेल या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी नेमक्या याच गोष्टीवर लिहिलं होतं. नवराबायकोतला ताण त्यांना आपापसात मिटवता येत नाही, उघड भांडताही येत नाही, मग तो ताण एका मुलावर उतरवला जातो आणि सगळे मिळून त्या मुलाचं काय बिघडलंय याची चर्चा करत बसतात, कारण त्या चर्चेत घर एकत्र राहतं. मूल कुठलं निवडलं जातं? ज्याच्यात काहीतरी उठून दिसतं ते. कुठं आजारी पोर, कुठं अभ्यासात मागं असलेलं, तुझ्या घरी बोलणारं. आपल्याकडे तर यासाठी तयार शब्दच आहेत, पांढऱ्या पायाची, दीडशहाणी, घरफोडी, कुणाला नव्यानं शोधावे लागत नाहीत. म्हणजे कसंय, सगळ्यांचं खापर डोक्यावर घेणं हे तुला घरानं दिलेलं काम होतं, आणि तू ग्रुप सोडलास तेव्हा ते काम सोडलंस. म्हणून आता एकाच वेळी शिव्याही येतील आणि 'ये ना घरी' असे निरोपही येतील, दोन्हीनं गोंधळू नकोस.

आता माणसं. तुझ्या पत्रात मला एक गडबड दिसते, ती म्हणजे तू एकाच माणसात किंवा एकाच जागी दोन गोष्टी शोधतेयस. एक, जिथं तुझी गोष्ट सांगितली की खरी मानली जाईल. दोन, जिथं तुझी गोष्ट कुणाला माहीतच नसेल आणि तरी तुला ये बस म्हणतील. या दोन वेगवेगळ्या जागा आहेत आणि तुला दोन्ही लागणार आहेत. योगा क्लासच्या काकू दुसऱ्या प्रकारच्या होत्या, त्यांच्याकडून पहिल्याची अपेक्षा नव्हती, पण तुझ्याकडं पहिल्या प्रकारची जागाच नसल्यामुळं सगळं तिथं फुटलं.

पहिल्या प्रकारचं सांगते. वडील प्यायचे म्हणतेस तर अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जाऊन बघ. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) माहीत असेल, ते पिणाऱ्यांसाठी, आणि अल-अ‍ॅनॉन हे पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी. १९५१ साली अमेरिकेत सुरू झालं, एएच्या संस्थापकांपैकी बिल विल्सन यांची बायको लॉइस यांनी एका मैत्रिणीबरोबर सुरू केलं. आपल्याकडे मुंबई-पुण्यात मीटिंगा होतात, मराठीतही होतात. फी नसते, शेवटी ज्याला जमेल तो थोडे पैसे टाकतो, नाही टाकले तरी चालतं. फक्त पहिलं नाव सांगायचं. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, एकजण बोलत असताना दुसरा मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, 'अगं पण आई ती आई' असं कुणी म्हणत नाही. तुझं बोलून झालं की पुढचा बोलतो, बस. ज्या घरात आपलं प्रत्येक वाक्य कोर्टात उभं राहिल्यासारखं ऐकलं गेलं तिथून आलेल्या माणसाला ही शांतता सुरुवातीला विचित्रच वाटते, दोनतीनदा गेल्याशिवाय मत बनवू नकोस. पहिल्या दिवशी बोलायलाच पाहिजे असंही नाही, नुसतं बसता येतं. वडिलांनी आता सोडली असली तरी तू जाऊ शकतेस, आणि मोठी झालेली मुलंमुली तिथं असतातच, सगळ्या काही बायकाच नसतात. त्यांच्या बोलण्यात 'उच्च शक्ती' वगैरे येतं, ते पटलं तर घे नाहीतर राहू दे, कुणी परीक्षा घेत नाही.

याचीच एक शाखा म्हणता येईल असा वेगळा गट आहे, अ‍ॅडल्ट चिल्ड्रन ऑफ अल्कोहोलिक्स, १९७८ च्या सुमाराचा, न्यूयॉर्कमधला. तिथं घरातल्या भूमिकांवरच जास्त बोलणं होतं, कोण हिरो, कोण बळीचा बकरा, कोण गप्प राहून दिसेनासं झालेलं पोर. ऑनलाईन मीटिंगा असतात पण जास्त करून इंग्रजीत, चालत असेल तर बघ. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, ते फक्त पेशंटचं नाही तर घरच्यांचंही बघतात, तिथं फोन करून सरळ विचार की वडील पिणारे होते आणि मी मुलगी आहे, माझ्यासाठी काही गट आहे का. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, त्यांनाही विचारता येईल. तुझ्या समुपदेशक मॅडमनाही सांग की मला ग्रुपमध्ये बसायचंय, त्यांच्या ओळखीत कुणी ग्रुप थेरपी घेत असेल तर वशिला लागतो तो असा.

एक बारीकसं. हल्ली रील्समध्ये सगळ्यांचीच आई नार्सिसिस्ट निघते. तुझ्या आईला काय आजार आहे किंवा नाही हे मोबाईलवरून ठरवायची काही गरज नाहीये, तुला त्रास झाला एवढं पुरेसं आहे, आणि रात्री एक वाजता ते बघत बसलं की झोप जाते, वर काही मिळत नाही.

आता दुसऱ्या प्रकारची जागा, आणि मला विचारशील तर लोक हिला फारच कमी लेखतात. जिथं हाताला काम आहे अशी जागा. नुसत्या गप्पा मारायच्या ठिकाणी माणसं घरचंच विचारतात, दुसरं विचारणार काय, पण काम असलं की बोलणं कामाचं होतं. रविवारचे ट्रेकवाले, वाचनालय, झाडं लावणारे, भजनी मंडळ, नाटकाच्या बॅकस्टेजला मदत. आणि तू पुण्यात राहतेस बाई, ढोल-ताशा पथकाचा विचार कर! सराव गणपतीच्या दीडदोन महिने आधी सुरू होतो, ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी असतो, बऱ्याच पथकांत मुली भरपूर असतात, ढोल कमरेला बांधून उभं राहणं झेपत नसेल तर झांज आहे, ध्वज आहे, पाणी वाटायलाही माणसं लागतात. आणि मुद्दा असा की ज्या दिवसांत तुला घर सगळ्यात जास्त टोचतं, म्हणजे गौरी-गणपतीचे, त्याच दिवसांत तुला कुठंतरी वेळेवर पोचायचं असेल. 'गावी नाही का जाणार' याला 'नाही हो, पथक आहे ना' हे उत्तर कुणीही बिनबोभाट मान्य करतं. चौतिसाव्या वर्षी जावं का वगैरे मनात येईल, येऊ दे, जा.

भिशीत मात्र एवढ्यात पडू नकोस. पैसा आला की हिशोब आला आणि हिशोब आला की कोण चुकलं हे आलं, तू अकाऊंट्सला आहेस म्हटल्यावर वही तुझ्याच हातात येणार.

कुणाला किती सांगायचं याबद्दल. काकूंना एकच वाक्य, 'यंदा इथंच आहे', आणि लगेच 'तुमच्याकडे किती दिवस असतो?' असं विचारायचं, मग त्या दहा मिनिटं बोलतील. हे खोटं बोलणं नाही, सगळ्यांना सगळं सांगायचं आपल्यावर बंधन नसतं. मैत्रिणीचं तसं नाही, तिथं सांगावं वाटणारच, पण पहिल्याच दिवशी अकरावीपासूनची सगळी गोष्ट ओतू नकोस. एक छोटी गोष्ट सांग, उदाहरणार्थ दिवाळीत मला एकटं वाटतं, इतकंच, आणि मग बघ ती त्याचं काय करते. दिवाळीच्या आधी तिला आठवण राहते का, फोन येतो का, की तीच गोष्ट चार दिवसांनी तिसऱ्याच्या तोंडून ऐकू येते. आठवण राहिली तर पुढची गोष्ट सांग. आणि त्या 'सोडून दे' म्हणणाऱ्या दोघी, त्यांना टाकून देऊ नकोस गं, त्या वाईट नाहीत, त्यांच्या घरी असं झालेलं नाही म्हणून त्यांना कळत नाही. त्यांच्याबरोबर सिनेमा बघ, मिसळ खा. प्रत्येक माणसाकडून सगळं मिळत नाही.

हक्कसोडपत्राचं वेगळं आणि महत्त्वाचं. विषय संपेल म्हणून सही करू नकोस. 'देते' असंही लिहू नकोस, 'देत नाही जा' असंही नको, 'वकिलांना दाखवून सांगते' एवढाच मेसेज टाक आणि गप्प बस. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. तुझ्या घरची जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः घेतलेली यावर बरंच अवलंबून, म्हणून सातबारा घेऊन वकिलाकडे जा. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. उद्या तुला मनापासून सोडायचा असेल हक्क तर सोड, तो तुझा निर्णय, पण घरात परत घेतील या आशेनं सही केलेल्या कितीतरी बायकांची पत्रं माझ्याकडे येतात आणि सहीनंतर त्यांना बोलावणं आलेलं मी तरी फारसं वाचलेलं नाही.

आणि एखादी रात्र फारच जड गेली, जगण्याबद्दल नको ते विचार आले, तर मॅडमच्या पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस. १४४१६, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेव.

नमस्कार, वय ४२, नागपूर. घरी मी धाकटा आणि घरात काहीही झालं की माझंच नाव, हे लहानपणापासून. ते आता मागं टाकलंय, वेगळा राहतो, बायको चांगली आहे. लोकांत मिसळावं म्हणून आमच्या कॉलनीच्या उत्सव मंडळात शिरलो, दोन वर्षांत खजिनदार झालो, आणि आता वर्गणी कमी आली तर मी, मांडववाला उशिरा आला तर मी, जुन्या अध्यक्षांचं नि सेक्रेटरीचं पटत नाही तर त्यालाही म्हणे मीच कारण. माझ्या कपाळावरच लिहिलंय का काही? — एक वाचक, नागपूर

कपाळावर नाही हो, सवयीत आहे. ज्याला लहानपणापासून दोष घ्यायची सवय लागलेली असते तो नव्या ठिकाणी गेला की जे काम कुणाला नको असतं तेच उचलतो, उशीर दुसऱ्याचा असला तरी 'सॉरी सॉरी' आधी हाच म्हणतो, आणि दोघांच्या भांडणात मध्ये उभा राहून दोघांची समजूत काढायला जातो. तुमच्या पत्रातच आहे बघा, अध्यक्ष आणि सेक्रेटरीचं पटत नाही. त्यांना एकमेकांशी भांडायचं नाहीये, मग मधला माणूस सोयीचा. घरात जे आईवडिलांत होतं तेच इथं पदाधिकाऱ्यांत.

तर खजिनदारी सोडा. पण रागानं ग्रुपवर मेसेज टाकून नाही, कारण तसं केलं की 'हिशोब देता आला नाही म्हणून पळाला' हे वर्षभर चालेल. पावतीपुस्तकं, बँकेचं पासबुक, खर्चाची बिलं, सगळं लिहून सभेत द्या, घेणाऱ्याची सही घ्या, एक झेरॉक्स आपल्याकडे ठेवा. मंडळ सोडायची गरज नाही, पुढच्या वर्षी प्रसाद वाटा, लायटिंगला शिडी धरा, मुलांच्या स्पर्धा घ्या. निदान वर्षभर कुठलंही पद नको. साधा माणूस म्हणून चार लोकांत राहता येतं का हे तुम्ही अजून करूनच बघितलेलं नाही असं मला वाटतं. त्यात सुरुवातीला फार रिकामं वाटेल, आपण कुणाच्या उपयोगी नाही असं वाटेल, ते सहन करा.

नवीन कुठल्याही गटात शिरताना दोन गोष्टी बघत जा. सोडून गेलेल्या माणसाबद्दल तिथं काय बोलतात? 'तो आता येत नाही, पोरीची दहावी आहे' असं बोलतात की त्याच्या नावानं अजून शिमगा चालू आहे? आणि सुरुवातीलाच एकदा, कारण असो नसो, 'या रविवारी जमणार नाही' म्हणून बघा. चांगल्या गटात 'बरं' म्हणतात आणि विषय संपतो.

एक धोका सांगून ठेवते कारण घरानं दुखावलेली माणसं यात फार सापडतात. दोनतीन दिवसांचं शिबिर, मोठं हॉटेल, सगळ्यांना रडवतात, तिथल्या तिथं आईवडिलांना फोन लावून माफी मागायला लावतात, आणि मग पुढच्या लेव्हलचे पैसे भरा, अजून चारजण आणा. त्या दिवशी खूप हलकं वाटतं हे खरंय. तुम्ही ज्याची माफी मागितली ते तुम्ही केलेलंच नव्हतं हे घरी आल्यावर लक्षात येतं. तुमच्यासारख्याला बोलायला जागा हवी असेल तर तुमच्या नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, ओपीडीत केसपेपर काढून दाखवा आणि विचारा की बोलून उपचार कोण करतं. गोळ्याच देतील असं नसतं. आणि बायको चांगली आहे म्हणता, तर तिच्यावरच सगळा भार टाकू नका, तिलाही रात्री झोपायचं असतं.

मी चिपळूणची, वय ६१. माझ्या बहिणीच्या घरी तिच्या मोठ्या मुलीला सगळे मिळून वाईट ठरवतात हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. ती पोर आता डोंबिवलीला एकटी असते. बहिणीशी संबंध तोडायचे नाहीत मला, पण पोरीसाठी काही करायचंय. काय करू? — एक मावशी

मावशी, तुम्ही करू शकाल ते बाहेरचा कुठलाच गट करू शकणार नाही, कारण तुम्ही तिथं होतात. अशा मुलांना वर्षानुवर्षं ऐकवलेलं असतं की असं काही घडलंच नाही, तुला काहीही आठवतं, आणि मग त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचाच भरवसा उडतो. तुम्ही तिला कधीतरी निवांत एवढंच म्हणा की 'हो, मला आठवतंय, तसंच झालं होतं.' लांब भाषण नको. 'तुझी आई तशी वाईट नाही' हे तर त्याला अजिबात जोडू नका, ते तिला माहीत आहे.

निरोप ने-आण करू नका. ती काय म्हणाली ते बहिणीला नाही, बहीण काय म्हणाली ते तिला नाही. एकदा जरी इकडचं तिकडं झालं तर तुमच्यावरचा विश्वास गेला. समेट घडवायला लग्नात दोघींना अचानक समोरासमोर आणणं हे तर करूच नका, आपल्याकडे मोठ्या माणसांना याची फार हौस असते. बहिणीच्या घरी तिचा विषय निघाला की तिची बाजू घेऊन भांडत बसायची गरज नाही, भांडलात की दुसऱ्या दिवशी त्याचंही बिल त्या पोरीच्याच नावावर फाटेल, फक्त 'माझ्यासमोर तिच्याबद्दल नको' म्हणा आणि उठून चहा ठेवा. त्यांना राग येईल, येऊ दे.

तिला तुमच्याकडे बोलवा, बहीण येणार नसेल त्या दिवसांत, आणि ते तिला आधीच स्पष्ट सांगा म्हणजे ती निर्धास्त येईल. नाही आली तरी रुसू नका, पुन्हा बोलवा. वाढदिवसाला फोन करा. डोंबिवलीला जाणं झालं तर तिच्या घरी उतरा, तिच्या हातचं जेवा, तिचं घर हे घर आहे असं वागा. आणि आंब्याची पेटी, आमसुलं, काय पाठवत असाल ते 'तुझ्या आईकडे ठेवलंय, घेऊन जा' असं करू नका, थेट तिच्या पत्त्यावर तिच्या नावानं पाठवा, बहिणीची वेगळी. बहिणीनं विचारलंच तर सांगा, हो, पाठवली.